रोडस्टर मिसिंग मारतेय – प्लग कोणते घेऊ, वायरी कोणत्या?

ओपनटप

मंडळी, इतके दिवस नुसतं वाचत होतो. आज पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गाडी युनोस रोडस्टर, १९९५ ची, १.८ लिटर इंजिन, पाच गिअर. (नाव ओळखीचं नसेल तर : ही माझदाची एमएक्स-५. जपानच्या बाजारात ती युनोस नावाने विकली जायची.) माझ्याकडे ती आयात होऊन, वापरलेली आली. आधीच्या मालकाने काय बदललं, कधी बदललं, याची एका ओळीचीही नोंद नाही.

तक्रार अशी : आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) काही नाही. रमतगमत चालवली तरी काही नाही. पण पाचव्या गिअरमध्ये, ३००० आरपीएमच्या आसपास, चढावर पाय पूर्ण दाबला की झटके (यालाच मिसिंग म्हणतात). कुणीतरी मागून दोरी ओढल्यासारखे. चौथा टाकला की शहाण्यासारखी पळते. दमट हवेत जास्त होतं, कोरड्या हवेत एखाद्या दिवशी होतच नाही.

सुटे भाग विकणाऱ्याचं म्हणणं, इरिडियम स्पार्क प्लग घ्या आणि प्लगला वीज नेणाऱ्या १० मिमीच्या जाड रेसिंग वायरी घ्या, "स्पार्क डबल होतो". दोन्ही मिळून बरेच महाग आहेत. स्पार्क डबल म्हणजे नक्की काय होतं? आणि घ्यायचेच झाले तर कोणते?

आटेमास्तर

काहीही विकत घेण्याआधी जुने चारही प्लग काढा. ज्या सिलिंडरमधून निघाले त्या क्रमाने फडक्यावर मांडा आणि फोटो टाका. त्याशिवाय सुचवलेलं सगळं म्हणजे जखम मांडीला, मलम शेंडीला.

लक्षणं वाचून माझा संशय प्लगवर कमी, वायरींवर जास्त आहे. कारण सांगतो. पाचव्यात, कमी आरपीएमला पाय पूर्ण दाबला की प्रत्येक सिलिंडर हवा-पेट्रोलने गच्च भरतो आणि दाबला जातो. दाब जितका जास्त, तितका प्लगच्या गॅपमधून (टोकांमधल्या फटीतून) ठिणगी पाडायला व्होल्टेज जास्त लागतं. कॉइल (बॅटरीच्या विजेचं व्होल्टेज वाढवणारा भाग) ते द्यायला तयार असते. पण वायरीचं रबर कुठे चिरलेलं असेल, तर त्या विजेला गॅप ओलांडण्यापेक्षा चिरेतून बाहेर पडून हेडला (इंजिनाचा वरचा धातूचा भाग, ज्यात प्लग बसतात) जाऊन भिडणं सोपं जातं. ठिणगी पडते, पण सिलिंडरच्या बाहेर. चौथा टाकलात की तेवढ्याच वेगासाठी पाय कमी दाबावा लागतो, दाब उतरतो, ठिणगी परत जागेवर पडते. दमट हवेत बाहेरची वाट आणखी सोपी होते. तुमचं सगळं वर्णन यात चपखल बसतंय.

प्लग काढताना :
इंजिन पूर्ण गार हवं. हेड अॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग फिरवले तर आटे जातात. वायर ओढू नका, खालचं रबरी बूट धरून पाव वळसा फिरवा आणि मग वर उचला. या इंजिनात प्लग दोन कॅमशाफ्टच्या मधल्या खोल विहिरीत असतात, तिथे धूळ-खडे साठतात. प्लग सैल करण्याआधी हवा मारा, नाहीतर सगळं सिलिंडरमध्ये. पाना १६ मिमीचा, आत रबर असलेला. आणि एका वेळी एकच वायर काढा. हे नवीन माणूस हमखास विसरतो.

शंकासुर

पेट्रोल पंप किंवा फिल्टर असू शकत नाही का? माझ्या एका गाडीत अगदी असंच व्हायचं.

आटेमास्तर

असू शकतो, पण पेट्रोल कमी पडलं की गाडी मरगळते, जोर हळूहळू ओसरतो. इग्निशन गेलं की टक्कन झटका बसतो, आणि पुढच्याच क्षणी परत जोर येतो. शिवाय पंपाला हवा दमट आहे की कोरडी याचं काही पडलेलं नसतं.

नोकदार

मी इरिडियमच्या बाजूने बोलणार, आधीच सांगतो :)

साध्या प्लगचा मधला इलेक्ट्रोड (ठिणगी उडते ते टोक) साधारण २.५ मिमी जाड असतो. इरिडियमचा ०.४ ते ०.६ मिमी. टोक जितकं बारीक तितकी ठिणगी कमी व्होल्टेजला उडी मारते. म्हणजे जुन्या, थकलेल्या कॉइलला उलट आरामच. शिवाय इरिडियम वितळतं २४४६ अंश सेल्सिअसला, निकेल १४५५ ला. म्हणून टोक एवढं बारीक ठेवूनही ते लवकर झिजत नाही. साधे प्लग ३०-४० हजार किमीला बदलावे लागतात, चांगले इरिडियम त्याच्या दुपटी-तिपटीने टिकतात. मी दोन गाड्यांत टाकलेत, गार इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं.

चिमटा

नोकदारसाहेब, तुमचं एकेक वाक्य बरोबर आहे, पण या गाडीला लागू करताना एक गोष्ट सुटतेय.

या इंजिनात डिस्ट्रिब्युटर (कॉइलची वीज पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारा भाग) नाही. हेडच्या मागच्या टोकाला दोन कॉइलचा एक पॅक आहे. एक कॉइल १ आणि ४ सिलिंडरची, दुसरी २ आणि ३ ची. जोडीतल्या दोन्ही प्लगना एकाच वेळी ठिणगी मिळते. एक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या (मिश्रण दाबण्याच्या) शेवटी असतो, तिथे ती कामाची. दुसरा त्याच वेळी धूर बाहेर टाकत असतो, तिथे ती फुकट. याला वेस्टेड स्पार्क म्हणतात.

आता गंमत बघा. कॉइलच्या एका टोकातून निघालेली वीज पहिल्या प्लगमध्ये मधल्या इलेक्ट्रोडवरून बाहेरच्या इलेक्ट्रोडवर उडी मारते, हेडमधून प्रवास करते आणि दुसऱ्या प्लगमध्ये बाहेरच्यावरून मधल्यावर उडी मारून कॉइलच्या दुसऱ्या टोकाला परत येते. म्हणजे चारपैकी दोन प्लग कायम उलट दिशेने पेटतात. त्या दोघांचा बाहेरचा इलेक्ट्रोड जास्त झिजतो, बाकी दोघांचा मधला.

दुकानात सहज मिळणाऱ्या बऱ्याच इरिडियम प्लगमध्ये मौल्यवान धातू फक्त मधल्या टोकावर असतो. बाहेरचा इलेक्ट्रोड साध्या निकेल मिश्रधातूचा. म्हणजे तुमच्या चारपैकी दोन प्लगमध्ये महागाचा धातू आरामात बसलेला आणि साधा धातू झिजतोय. दुप्पट-तिप्पट आयुष्य मग फक्त खोक्यावर. अशा गाडीत लांब टिकणारे प्लग हवेच असतील तर दोन्ही इलेक्ट्रोडवर मौल्यवान धातू असलेले घ्यावेत. नाहीतर साधे घ्या आणि वेळेवर बदला.

आणि स्पार्क डबल वगैरे काही नसतं. कॉइल जितकी ऊर्जा साठवते तितकीच बाहेर येते. प्लग ती निर्माण करत नाही.

नोकदार

वेस्टेड स्पार्कचा मुद्दा मान्य. माझ्या दोन्ही गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे, त्यामुळे हे कधी डोक्यात आलं नाही. पण गार इंजिन पटकन सुरू होतं हा माझा अनुभव खोटा नाही बरं का.

चिमटा

खोटा म्हटलंच नाही :) जुने झिजलेले प्लग काढून साधे नवे टाकले असते तरी पटकन सुरू झालं असतं, एवढंच.

मूकवाचक७

वाचनखूण साठवली. चालू द्या.

फिरता रोटर

धाग्यात जरा घुसखोरी. माझी माझदाचीच आरएक्स-७ आहे, तिसऱ्या पिढीची. रोटरी इंजिन, दोन रोटर, प्रत्येकाला दोन प्लग. त्यातला खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग, आणि गंमत म्हणजे दोघांची हीट रेंज वेगळी. एनजीके या प्लग कंपनीच्या आकड्यात लीडिंगला ७ आणि ट्रेलिंगला ९. "चारही एकसारखे द्या" म्हटलं की चुकलंच. मला एकाने एकदा चार एकसारखे दिले होते, नशीब खोक्यावरचा आकडा वाचायची सवय आहे.

तर ओपनटप, हीट रेंज हा विषय समजून घ्याच. धातूपेक्षा तो महत्त्वाचा आहे.

शंकासुर

हीट रेंज म्हणजे ठिणगी किती गरम, हेच ना?

आटेमास्तर

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. हीट रेंजचा ठिणगीशी संबंध नाही. प्लगच्या आतल्या चिनीमातीच्या नाकाला बसलेली उष्णता किती वेगाने हेडमध्ये उतरते, याचं ते माप आहे. नाक लांब असेल तर उष्णतेला लांबचा रस्ता, प्लग गरम राहतो. नाक आखूड असेल तर उष्णता पटकन निघून जाते, प्लग थंड राहतो.

नाकाचं तापमान साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहायला हवं, तरच त्यावर बसणारी काजळी जळून जाते. ८५०-९०० च्या वर गेलं तर तेच नाक निखाऱ्यासारखं होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवायला लागतं, आणि मग पिस्टनची वाट लागते. फार थंड प्लग काळा पडून मिसिंग मारेल, फार गरम प्लग इंजिन खाईल. पहिली चूक परवडते, दुसरी नाही.

आता सापळा. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये बरोबर उलटं, आकडा मोठा म्हणजे गरम. एनजीकेचा ५ म्हणजे डेन्सोचा १६, एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २०. एका कंपनीचा आकडा डोक्यात ठेवून दुसऱ्या कंपनीचा प्लग उचलू नका.

तुमच्या गाडीच्या पुस्तकात एनजीकेचे दोन कोड दिलेले असतील : बीकेआर५ई-११ आणि बीकेआर६ई-११. कोड असा फोडायचा. बी म्हणजे १४ मिमीचे आटे. के म्हणजे १६ मिमीचा पाना. आर म्हणजे आत रेझिस्टर. ५ किंवा ६ ही हीट रेंज. ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी. शेवटचे ११ म्हणजे गॅप १.१ मिमी. यातलं एकही अक्षर स्वतःच्या मनाने बदलायचं नाही. आट्यांची लांबी चुकली तर एकतर प्लग पिस्टनला टेकेल, नाहीतर आखूड पडून हेडमधले उरलेले आटे काजळीने भरतील आणि पुढे बरोबर लांबीचा प्लग बसता बसणार नाही.

आयात गाडीत आणखी एक. "अमुक मॉडेलचे प्लग द्या" असं म्हणू नका. एकाच नावाची गाडी वेगवेगळ्या बाजारांत वेगवेगळ्या इंजिनांनी विकली जाते. इंजिन कोड आणि चासी नंबर घेऊन शोधा.

ओपनटप

बापरे, एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती. सगळ्यांचे आभार.

प्लग काढले. निरीक्षणं देतो, फोटोही जोडलेत.

तीन प्लगवर बीकेआर५ई-११, चौथ्या सिलिंडरमधल्यावर बीकेआर६ई-११. म्हणजे आधीच्या मालकाने कधीतरी एकच बदललेला दिसतो. रंग चौघांचाही फिकट तपकिरी. गॅप क्रमाने १.३, १.३, १.४, १.२.

तीन नंबरच्या विहिरीत तेल. प्लगचा वरचा अर्धा भाग तेलात बुडालेला होता, बूट फुगून मऊ झालंय. त्याच प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर बाहेरून एक बारीक काळी उभी रेघ आहे, पेन्सिलीने ओढल्यासारखी. पुसून जात नाही.

आणि चारही प्लगवर, जिथे चिनीमाती लोखंडी भागात शिरते तिथे, तपकिरी कडं आहे. गॅस लीक होतोय का? हेडचं काम निघालं की काय या विचाराने झोप उडाली आहे.

चिमटा

झोपा निवांत. ते कडं म्हणजे गळती नाही. उच्च दाबाच्या विजेमुळे प्लगभोवतीच्या हवेतले तेलाचे बारीक कण चिनीमातीला चिकटतात, त्याचा तो डाग. याला कोरोना डाग म्हणतात. चांगल्या चालणाऱ्या गाडीतही असतो. त्यावरून अख्खं हेड उघडलेली माणसं मी पाहिली आहेत.

ती उभी काळी रेघ मात्र तुमची गुन्हेगार. वीज आत न जाता चिनीमातीच्या बाहेरून खाली घसरली, तिचा हा माग. असा माग एकदा पडला की तो कार्बनचाच असतो आणि वीज वाहून नेतो, म्हणजे पुढच्या वेळी वाट आणखी सोपी. प्लगवर रेघ असेल तर बुटाच्या आतही तिची जोडीदार रेघ असणारच. म्हणून नुसता प्लग बदलून भागत नाही, जुनं बूट नव्या प्लगवर आठवड्याभरात तशीच रेघ ओढतं. उलटही तेच.

आता भिंग घ्या आणि चौघांचे इलेक्ट्रोड बघा. १-४ आणि २-३, प्रत्येक जोडीत एकाचा मधला झिजलेला दिसेल, एकाचा बाहेरचा. माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही.

ओपनटप

बघितलं. खरंच! एकाची मधली कड गोल झालीय, त्याच्या जोडीदाराचा बाहेरचा इलेक्ट्रोड खालून खाल्ल्यासारखा पातळ. दंडवत घ्या.

आटेमास्तर

छान काम केलंत. आता मल्टिमीटर असेल तर वायरींचा रेझिस्टन्स मोजा, आणि मोजताना वायर हळूच वाकवत राहा. सरळ धरून बरोबर आकडा दाखवणारी वायर वाकवल्यावर नाटक करते. कार्बन कोर असेल तर लांबीप्रमाणे काही किलोओहम येणं बरोबरच आहे, शून्य यायला नको. पुस्तकात मीटरमागे कमाल किती चालतो ते दिलेलं असतं, त्याच्याशी ताडून बघा.

दुसरी परीक्षा अंधारात. रात्री गाडी सुरू करून वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारायचा. जिथे गळती आहे तिथे निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. हात लांब ठेवा, हजारो व्होल्टचा मामला आहे. छातीत पेसमेकर असलेल्या माणसाने तर जवळ उभंही राहू नये.

बारा प्लगवाला

इथे चार प्लगवर एवढा ऊहापोह चाललाय हे बघून मला रडू येतंय. माझी ९६४. पोर्शचं ३.६ लिटरचं इंजिन, सहा सिलिंडर, प्रत्येकाला दोन प्लग. बारा प्लग, बारा वायरी, दोन डिस्ट्रिब्युटर, आणि त्या दोघांना जोडणारा आत एक छोटा बेल्ट. खालच्या सहा प्लगांपर्यंत पोचायला गाडीखाली शिरावं लागतं. कोणी ९६४ वाला वाचत असेल तर प्लगचं काम काढलंच आहे तेव्हा तो बेल्टही बघून घ्या. तो गेला तर दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरचा रोटर जागच्या जागी थांबतो, आणि सहाच्या सहा ठिणग्या त्याच्या समोर असलेल्या एकाच सिलिंडरच्या दिशेने जातात.

ओपनटप, तुमचा चार प्लगचा संसार सुखाचा होवो.

ओपनटप

:))

रेझिस्टन्स : एक नंबरची वायर (सगळ्यात लांब, कॉइल मागे आहे ना) ११ किलोओहम, दोनची ९, चारची ६. तीनची सरळ धरली की ८, वाकवली की मीटर थेट अनंत. सोडली की परत ८. अंधारात फवाराही मारला. तीनच्या विहिरीत तर प्रकाश दिसलाच, पण एकची वायर जिथे कव्हरला घासते तिथेही बारीक टिकटिक दिसली. बायको म्हणाली, किती छान दिसतंय. मी काही बोललो नाही.

म्हणजे वायरी नक्की. आता कुठल्या? ती १० मिमीवाली घेऊ?

आटेमास्तर

जाडीला भुलू नका. बाहेरची जाडी म्हणजे रबराची जाडी. मूळ वायरी ७ मिमीच्या असतात आणि चांगल्या सिलिकॉनच्या ७ मिमी वायरी या इंजिनाला पुरून उरतात. ८ मिमी घेतल्या तर इन्सुलेशन थोडं जास्त, चालेल. १० मिमीच्या मूळ क्लिपांमध्ये बसत नाहीत, मग लोक प्लास्टिकच्या पट्ट्यांनी एकत्र आवळून बांधतात, आणि एकमेकींना चिकटून समांतर धावणाऱ्या वायरी एकमेकींत वीज उतरवतात. पैसे देऊन नवं दुखणं.

खरा फरक आत असतो, आणि तिथे तीन प्रकार येतात.

कार्बन कोर : मूळ गाडीत हीच. रेझिस्टन्समुळे रेडिओ आणि ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) त्रास देणारा गोंगाट दबतो. स्वस्त, चांगली, पण वयानुसार आतून तुटते. तुमची तीन नंबरची तेच सांगतेय.

स्पायरल : मध्ये चुंबकीय गाभा आणि त्याभोवती बारीक तारेचे वेढे. रेझिस्टन्स बराच कमी, गोंगाट वेढ्यांमुळे दबतो. वाकवण्याला, थरथरीला जास्त टिकते. मी स्वतः हीच वापरतो.

नुसती तांब्याची तार : ही तुमच्या गाडीत नको. जुन्या कार्ब्युरेटरच्या, ईसीयू नसलेल्या रेस गाड्यांचा प्रकार आहे तो. ईसीयूच्या सेन्सरांना गोंगाट ऐकू गेला की तो काय निर्णय घेईल सांगता येत नाही. प्लगही आर अक्षर असलेलाच ठेवायचा, तो याच कारणासाठी.

घेताना बूट बघा. विहीर खोल आहे, बुटाची नळी पुरेशी लांब आणि ताठ हवी, वरचं झाकण विहिरीच्या तोंडावर घट्ट बसायला हवं. आत धातूची क्लिप प्लगच्या टोकावर "टक" आवाज करून बसली पाहिजे. तो टक ऐकू आला नाही तर वायर बसलेली नाही, किंमत कितीही असो.

नोकदार

वायरींच्या बाबतीत शंभर टक्के सहमत. एक भर : बुटाच्या आतल्या कडेला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. पुढच्या वेळी बूट चिकटून फाटत नाही आणि ओलावाही आत शिरत नाही. क्लिपमध्ये मात्र गोळा भरू नका.

टर्बोतात्या

याच गाडीला मी टर्बो बसवलाय. माझ्याकडे १.१ गॅपवर जोरात मिसिंग, ०.८ ला बंद. कॉइल मूळचीच. असं का?

चिमटा

तात्या, वर आटेमास्तरांनी दाबाचं सांगितलंय तेच. टर्बोने सिलिंडरमधला दाब आणखी वाढवला, तेवढंच अंतर ओलांडायला व्होल्टेज जास्त लागायला लागलं, कॉइलची धाव संपली. अंतर कमी केलंत, भागलं. टर्बोवर ०.७-०.८ हे नेहमीचंच. हीट रेंजही एक पायरी थंड घ्या, घेतली नसेल तर. ओपनटप, हे तुमच्यासाठी नाही, तुम्ही १.१ वरच राहा.

ओपनटप

शेवटचा प्रश्न. ५ की ६? आणि आवळायचं किती? पुस्तकात १५ ते २३ न्यूटन मीटर आहे, प्लगच्या खोक्यावर त्यापेक्षा जास्त छापलंय.

आटेमास्तर

दोन्ही पुस्तकात आहेत म्हणजे दोन्ही बरोबर. छोट्या छोट्या फेऱ्या, इंजिन पूर्ण तापायच्या आत बंद, असं असेल तर ५. लांब पल्ला आणि रेव्ह मारायची सवय असेल तर ६. मात्र चारही एकसारखे. जोराचं म्हणाल तर गाडीचं पुस्तक ऐका, खोक्यावरचा आकडा जगातल्या सगळ्या इंजिनांसाठी असतो.

प्लग आधी हाताने बसवा. रबरी नळीच्या तुकड्यात टोक खोचून फिरवलात तर आटे वाकडे धरले की नळीच घसरते, जबरदस्ती होत नाही. टॉर्क पाना नसेल तर वॉशर टेकल्यावर नव्या प्लगला अर्धा ते पाऊण वळशाच्या आत थांबा. आट्यांना ग्रीस किंवा अँटीसीझ नको. आटे आधीच मुलामा दिलेले असतात, वर लेप लावला की पाना तोच आकडा दाखवतो आणि प्रत्यक्षात प्लग जास्त ताणला जातो.

खोक्यातून काढल्यावर गॅप तपासा, ११ लिहिलंय म्हणून गृहीत धरू नका. प्लग खाली पडला तर तो वापरू नका, आत चिनीमातीला तडा गेला तर वरून दिसत नाही. आणि नकली माल खूप आहे. अस्सल प्लगचा वॉशर फिरतो पण सहज निसटून हातात येत नाही, चिनीमातीवरची छपाई नखाने खरवडली तरी जात नाही.

पण या सगळ्याच्या आधी टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग. विहिरीत तेल तिथूनच आलंय. ते तसंच ठेवून नवी वायर लावलीत तर पुढच्या वर्षी हाच धागा वर काढाल. मागच्या बाजूला कॅम अँगल सेन्सरचा ओ-रिंगही बघा, तोही तेल सोडतो आणि ते कॉइलखालीच ओघळतं.

ओपनटप

अपडेट, दहा दिवसांनी.

पॅकिंग बदललं, ओ-रिंग बदलला, विहिरी पुसून कोरड्या केल्या. ८ मिमीच्या स्पायरल वायरी, चार साधे बीकेआर६ई-११. इरिडियमवाल्याला नम्रपणे नाही म्हटलं. एका नव्या प्लगचा गॅप खरंच ०.९ निघाला, खोक्यात कुठेतरी आपटला असणार. नुसता बाहेरचा इलेक्ट्रोड हलवून १.१ केला.

काल तोच चढ, पाचवा, ३०००, पाय पूर्ण खाली, आणि वर भुरभुर पाऊस. एकही झटका नाही. तीनदा जाऊन आलो.

एक गडबड मात्र झाली आहे. कव्हर काढायचं म्हणून सगळ्या वायरी एकदम काढल्या (हो, माहितीये). आता पुस्तकातल्या आकृतीशी ताडून बघतोय तर कॉइलवर १ च्या जागी ४ ची वायर आहे आणि ४ च्या जागी १ ची. तरी गाडी इतकी गोड कशी चालतेय?

चिमटा

कारण १ आणि ४ एकाच कॉइलची दोन टोकं आहेत. दोघांनाही ठिणगी एकाच क्षणी मिळते, कुठल्या टोकातून आली याचं सिलिंडरला काही देणंघेणं नाही. फरक इतकाच की उलट्या दिशेने पेटणारा प्लग आता त्या जोडीत दुसरा झाला. पण वायरी एकमेकींना ओलांडून जात असतील, तेव्हा जागेवर लावाच. दोन मिनिटांचं काम आहे.

शंकासुर

आणि चुकून १ आणि २ ची अदलाबदल झाली असती तर?

चिमटा

तर ओपनटप दोन सिलिंडरवर थरथरत, सायलेन्सरमधून फटाके वाजवत त्या चढाखालीच उभे असते, आणि हा धागा "मिसिंग वाढलं" नावाने परत पहिल्या पानावर आला असता.

बारा प्लगवाला

माझ्याकडे ही अदलाबदल किती प्रकारे करता येईल याचा हिशोब करत होतो. सोडून दिला.